पेशंट रोगाचं नाव घेऊन येत नाही : डॉक्टर कसा शिकतो, कसा शिकायला हवा

(सटाणा येथे झालेल्या जाहीर व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्यातली पुनरुक्ती कमी केली आहे, बाकी बाज तसाच ठेवला आहे. शेवटी श्रोत्यांचे काही प्रश्न व त्यांची उत्तरे दिली आहेत.)



आजचा विषय वैद्यकीय शिक्षणाचा. आता तुम्ही म्हणाल, सटाण्यात एमबीबीएसचं कॉलेज नाही, मग हा विषय इथे कशाला? कॉलेज नसेल, पण पेशंट आहेत ना? कॉलेजात जे शिकवलं जातं त्याची खरी परीक्षा ग्रामीण रुग्णालयात होते, रात्री दोन वाजता, जेव्हा ड्युटीवर एकच डॉक्टर असतो. तो पंचवीस वर्षांचा असतो, बंधपत्राची एक वर्षाची सेवा करायला आलेला असतो, आणि विचारायला वरिष्ठ शेजारी नसतात. नाशिक इथून नव्वद किलोमीटरच्या आसपास. म्हणजे तो मुलगा किंवा ती मुलगी साडेचार वर्षं अधिक एक वर्ष इंटर्नशिप कशी शिकली, याचा तुमच्या-माझ्या जिवाशी थेट संबंध आहे. शिवाय राज्यातल्या वैद्यकीय, आयुर्वेद, होमिओपॅथी, नर्सिंग अशा सगळ्या कॉलेजांचं महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ पासून आपल्याच जिल्ह्यात, नाशिकला आहे. तेव्हा विषय परका नाही.

दोन शब्द आज पुन्हा पुन्हा येतील. एक, समस्याधारित शिक्षण. इंग्रजीत त्याला प्रॉब्लेम बेस्ड लर्निंग म्हणतात, थोडक्यात पीबीएल. दुसरा, मिश्र शिक्षण, म्हणजे ब्लेंडेड लर्निंग: काही भाग मोबाईल-कॉम्प्युटरवर, काही भाग समोरासमोर. व्याख्या नंतर बघू. आधी एक पेशंट बघू.

मळ्यातला पेशंट

समजा, जूनचा महिना आहे. पहिला पाऊस पडून गेलाय. बावीस वर्षांचा शेतमजूर, कांदाचाळीजवळच्या पडवीत जमिनीवर गोधडी टाकून झोपलेला. पहाटे चारला उठतो आणि म्हणतो, पोटात दुखतंय. घरचे ओवा देतात. तासाभराने म्हणतो, घसा आवळल्यासारखा वाटतोय, थुंकी गिळता येत नाही. पापण्या जड झाल्यात. घरच्यांना वाटतं झोप येतेय. सहा वाजता त्याला मोटारसायकलवर मध्ये बसवून दवाखान्यात आणतात. अंगावर कुठे जखम नाही, सूज नाही, रक्त नाही. कुणी काही पाहिलेलं नाही.

आता तुम्ही डॉक्टर आहात. काय झालंय?

ॲसिडिटी असेल? अपेंडिक्स? रात्री काही खाण्यात आलं? काल त्याने डाळिंबावर फवारणी केली होती का? की कुणाशी भांडण होऊन औषध प्यायलाय? की अर्धांगाचा झटका? सभागृहात जे जुने शेतकरी बसलेत त्यांच्या मनात एक नाव आलं असेल. मण्यार.

बरोबर. मण्यार रात्री फिरते, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते, आणि तिचा दंश कित्येकदा दुखतच नाही. दाताची खूण दिसेलच असं नाही. नाग चावला तर चावा दुखतो, बहुधा सुजतो. घोणस चावली तर सूज, वेदना, आणि रक्त गोठायचं थांबतं. मण्यारीचं तसं काही नाही. पोटदुखी, मग पापण्या पडणं, मग गिळता न येणं, आणि शेवटी छातीचे श्वासाचे स्नायूच थांबतात. माणूस आत शुद्धीवर असू शकतो, पण हलू शकत नाही. बाहुल्या मोठ्या होऊन स्थिर होऊ शकतात, त्यामुळे न शिकलेला डॉक्टर त्याला मेला समजू शकतो. आणि हाच पेशंट, त्याला वेळेवर कृत्रिम श्वास देत राहिलं, तर काही दिवसांनी पूर्ण बरा होऊन घरी चालत जाऊ शकतो.

इतका फरक आहे, मंडळी. एका बाजूला मृत्यू, दुसऱ्या बाजूला पूर्ण बरा. मधे फक्त एक डॉक्टर, त्याला सुचलेला एक विचार आणि हातातली अँबू बॅग.

हे ज्ञान कॉलेजात शिकवत नाहीत का?

शिकवतात. सगळं शिकवतात. कसं शिकवतात ते बघा.

पहिल्या वर्षी शरीरक्रियाशास्त्रात शिकवतात की मज्जातंतू आणि स्नायू जिथे भेटतात तिथे ॲसिटिलकोलीन नावाचा पदार्थ सुटतो आणि स्नायू आकसतो. पुढे औषधशास्त्रात शिकवतात की हा पदार्थ कोणत्या औषधाने वाढतो, कोणत्याने अडतो. न्यायवैद्यकशास्त्रात विषं शिकवतात, त्यात साप येतात: नाग, मण्यार, घोणस, फुरसे. शेवटच्या वर्षी मेडिसिनमध्ये श्वास बंद पडलेला पेशंट शिकवतात. भूलशास्त्राच्या पोस्टिंगमध्ये श्वासनलिकेत नळी घालायला शिकवतात.

पाच तुकडे, पाच विभाग, चार वर्षं. प्रत्येक तुकड्याची वेगळी परीक्षा, आणि परीक्षा झाली की तो तुकडा कपाटात. हे पाच तुकडे जोडून कुणी दाखवत नाही. जोडण्याचं काम कोण करतं? पहाटे सहाला आलेला तो पेशंट. त्याच्याकडे वेळ नसतो.

दुसरी गोष्ट दिशेची. पुस्तकात धडा रोगाच्या नावाने सुरू होतो: "मण्यारदंश: लक्षणे, तपासण्या, उपचार." आधी नाव, मग लक्षणं. दवाखान्यात उलटं असतं. पेशंट लक्षण घेऊन येतो, रोगाचं नाव घेऊन येत नाही. तो म्हणतो पोटात कळ येते, गरगरतं, जीव घाबरा होतो, अंगात कसकस आहे. आपल्या बागलाणात तर आजीबाई अहिराणीत सांगणार, "मन्हं पोट दुखी ऱ्हायनं." त्यातून नावापर्यंत पोचायचं. पुस्तक वाचून हा उलटा रस्ता येत नाही, तो चालूनच येतो. म्हणून काही लोकांनी विचार केला की शिकवण्याची सुरुवातच पेशंटपासून का करू नये?

१९६९: दोन ठिकाणी, दोन सुरुवाती

कॅनडात हॅमिल्टन नावाचं शहर आहे. तिथल्या मॅकमास्टर विद्यापीठाच्या नव्या मेडिकल कॉलेजात १९६९ मध्ये पहिली तुकडी बसली आणि तिथे पहिल्या दिवसापासून विषयवार लेक्चरांऐवजी छोटे गट आणि त्यांच्यासमोर एक पेशंटची गोष्ट, अशी रचना केली. पीबीएल या नावाने जग जे ओळखतं ते तिथून सुरू झालं. पुढे नेदरलँड्समधल्या मास्ट्रिख्तने १९७० च्या दशकात तेच घेतलं आणि त्याच्या सात पायऱ्या ठरवल्या. १९८५ मध्ये हार्वर्डनेही आपल्या अभ्यासक्रमात गट आणि केस आणल्या.

त्याच वर्षी, १९६९ मध्ये, गांधी जन्मशताब्दीच्या निमित्ताने वर्ध्याजवळ सेवाग्रामला डॉ. सुशीला नायर यांनी महात्मा गांधी वैद्यकीय विज्ञान संस्था सुरू केली. तिथे पीबीएल हा शब्द नव्हता. पण तिथला नवा विद्यार्थी आधी आश्रमात राहतो, मग प्रत्येक तुकडी एक गाव दत्तक घेते, आणि विद्यार्थी त्या गावात शिबिर करून राहतात, घरोघर जातात. म्हणजे बीएस्सीसारखं वर्गात बसण्याआधी किंवा त्याच सुमारास मुलगा बघतो की विहीर कुठे आहे, संडास आहे का, बाळंतपण कुठे होतं.

दोन्ही ठिकाणी कल्पना एकच: प्रश्न आधी, धडा नंतर. मॅकमास्टरने प्रश्न कागदावर आणला, सेवाग्रामने विद्यार्थ्यालाच प्रश्नाच्या घरी नेलं. आपल्याकडे पीबीएल परदेशातून आलेली फॅशन आहे असं कुणी म्हणालं तर त्यांना सेवाग्राम दाखवावं.

सात पायऱ्या, आपल्याच पेशंटवर

पीबीएल प्रत्यक्षात कसं चालतं? आठ-दहा विद्यार्थी, एक शिक्षक. शिक्षक लेक्चर देत नाही. आपला कांदाचाळीतला पेशंट कागदावर, त्याच्याच शब्दांत लिहिलेला. रोगाचं नाव कुठेही नाही.

पहिली पायरी: न कळलेले शब्द विचारा. दुसरी: नेमका प्रश्न काय ते ठरवा. "तरुण, धडधाकट माणूस, दोन तासांत पापण्या पडल्या आणि गिळता येईना, का?" तिसरी: सुचेल ते बोला, कुणी हसायचं नाही. चौथी: सुचलेल्या गोष्टी लावून बघा. फवारणीच्या औषधाची विषबाधा असेल तर बाहुल्या टाचणीएवढ्या बारीक होतात, घाम आणि लाळ सुटते. या मुलाला ते नाही, म्हणजे ती शक्यता मागे. अर्धांग असतं तर एक बाजू गेली असती, इथे दोन्ही पापण्या पडल्यात. पाचवी: आपल्याला काय माहीत नाही त्याची यादी करा. ही पायरी सगळ्यात महत्त्वाची. "मज्जातंतू आणि स्नायू यांच्या मधे नेमकं काय होतं?" "मण्यारीचं विष तिथे काय करतं?" "प्रतिविष किती, कसं?" सहावी: यादी घेऊन घरी जा, वाचा. सातवी: तीन-चार दिवसांनी पुन्हा बसा आणि एकमेकांना समजावून सांगा.

आता बघा, विद्यार्थी स्वतःहून कुठे पोचतो. त्याला कळतं की मण्यारीचं विष मज्जातंतूच्या टोकालाच इजा करतं. एकदा ती इजा झाली की प्रतिविष देऊनही ती लगेच उलटत नाही, नवी टोकं तयार व्हायला दिवस लागतात. म्हणून प्रतिविष लवकर द्यायचं, आणि तरीही श्वास सांभाळायची तयारी ठेवायची. नागाचं विष बव्हंशी पलीकडच्या बाजूला, स्नायूच्या कुलपावर बसतं, म्हणून नागदंशात निओस्टिग्मिन नावाचं औषध उपयोगी पडतं आणि मण्यारीत फारसं नाही. पाठ केलेलं हे वाक्य परीक्षेनंतर विसरतं. कारणासकट शोधलेलं विसरत नाही.

मग गटात कुणीतरी विचारतं, "हाच दंश चार वर्षांच्या पोराला झाला तर प्रतिविष कमी द्यायचं का? बाकी सगळी औषधं वजनावर कमी करतो." उत्तर आहे, नाही. साप पोराला बघून कमी विष सोडत नाही. विष तेवढंच, म्हणून प्रतिविषही तेवढंच. हा प्रश्न लेक्चरमध्ये दीडशे मुलांच्यात सहसा कुणी विचारत नाही. दहा जणांत विचारतात.

मिश्र शिक्षण: मोबाईल कुठे वापरायचा

सहाव्या पायरीवर मी म्हणालो, घरी जाऊन वाचा. इथे दुसरा शब्द येतो.

कोविडच्या काळात, २०२० मध्ये, सगळी कॉलेजं एका आठवड्यात ऑनलाइन गेली. शिक्षक स्लाइड वाचायचे, विद्यार्थी कॅमेरा बंद करून झोपायचे. अनेकांना वाटतं तेच मिश्र शिक्षण. तसं नाही. ते जुनंच लेक्चर होतं, फक्त लांबून दिलेलं.

मिश्र शिक्षणात एक प्रश्न विचारायचा असतो: समोरासमोरचा वेळ कशासाठी राखून ठेवायचा? मज्जातंतूतून ॲसिटिलकोलीन कसं सुटतं हे दाखवायला वीस मिनिटांची चांगली चित्रफीत कुठल्याही फळ्यापेक्षा बरी. विद्यार्थी ती थांबवून, मागे नेऊन, तीनदा बघू शकतो. तिच्याखाली पाच प्रश्न. त्यांची उत्तरं शिक्षकाला आदल्या रात्री दिसतात, म्हणजे वर्गात कुठे अडलंय ते आधीच कळतं. मग वर्गाचा तास कशाला? वाद घालायला. आणि स्किल लॅबमध्ये पुतळ्यावर अँबू बॅग धरायला. मास्क तोंडावर घट्ट बसवून, हनुवटी वर उचलून, हवा छातीत जातेय ना ते बघत फुगा दाबायचा, हे हाताचं काम आहे. ते व्हिडिओ बघून येत नाही, जसं पोहणं बघून येत नाही. आणि शेवटी वॉर्डात खरा माणूस. त्याच्याशी बोलायला, त्याच्या आईला "मावशी, आम्ही श्वास देतोय, घाबरू नका" हे सांगायला कुठलंही ॲप शिकवत नाही.

थोडक्यात, जे एकट्याने होतं ते घरी, जे माणसांतच होतं ते कॉलेजात.

एक मिश्र शिक्षण आजही बिनबोभाट चालू आहे, त्याबद्दलही बोललं पाहिजे. पुष्कळ विद्यार्थी हजेरीपुरते वर्गात येतात आणि रात्री पीजी प्रवेश परीक्षेच्या ॲपवर दीडपट वेगाने लेक्चरं बघतात. इंटर्नशिपचं वर्ष हात चालवायला शिकण्याचं, पण समोर दोनशे पर्यायी प्रश्नांची नीट-पीजी दिसत असते. त्यांना दोष देऊ नका. परीक्षा जे विचारते तेच विद्यार्थी शिकतो. परीक्षेत चार पर्याय दिलेले असतात. पहाटे सहाच्या पेशंटखाली अ, ब, क, ड लिहिलेलं नसतं.

नियम बदलले आहेत

चांगली बातमी ही की हे सगळं आता केवळ उत्साही शिक्षकांच्या मर्जीवर राहिलेलं नाही. २०१९ च्या तुकडीपासून देशभर एमबीबीएसला क्षमताधारित अभ्यासक्रम लागू झाला. त्यात म्हटलं आहे की निव्वळ लेक्चरं एकूण वेळेच्या एक तृतीयांशाहून जास्त नसावीत. बाकी दोन तृतीयांश वेळ गटचर्चा, प्रात्यक्षिक, वॉर्ड. पहिल्याच वर्षापासून पेशंटशी ओळख. विषयांची एकमेकांशी सांगड. डॉक्टरची वागणूक, नीती आणि संवाद यांसाठी वेगळा भाग. भारतीय वैद्यक परिषदेच्या जागी २०२० मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोग आला आणि त्याने पुढे कुटुंब दत्तक कार्यक्रम आणला: प्रत्येक विद्यार्थ्याकडे गावातली काही कुटुंबं, ज्यांची त्याने शिक्षणभर विचारपूस करायची. सेवाग्रामची जुनी वाट आता सगळ्यांच्या वेळापत्रकात आली.

शिक्षकांना शिकवण्याचं कामही आपल्या राज्यात बऱ्याच वर्षांपासून चालू आहे. मुंबईच्या केईएम रुग्णालयाच्या जी. एस. मेडिकल कॉलेजात २००५ पासून वैद्यकीय शिक्षकांसाठी फायमर संस्थेचं प्रादेशिक केंद्र आहे. देशातलं तसं ते पहिलं. उत्तम डॉक्टर आपोआप उत्तम शिक्षक होत नाही, ही साधी गोष्ट मान्य व्हायला वेळ लागला.

पण नियम कागदावर येणं आणि वर्गात येणं यात अंतर आहे. दीडशेची तुकडी असेल आणि दहाचे गट करायचे, तर पंधरा गट, पंधरा शिक्षक, पंधरा खोल्या, एकाच वेळी. जिथे शिक्षकांच्या जागाच रिकाम्या आहेत तिथे हे कसं जमणार? मग गटचर्चा असं वेळापत्रकात लिहायचं आणि सभागृहात लेक्चर द्यायचं, असं होऊ शकतं. आणि कुटुंब दत्तक कार्यक्रमात एका दुपारी बसने जाऊन बीपी मोजून फॉर्म भरून परत, असंही होऊ शकतं. मग तो फॉर्मचा कार्यक्रम होतो, कुटुंबाचा राहत नाही.

यावर मधला मार्ग आहे. सगळा अभ्यासक्रम पीबीएल करायची गरज नाही. महिन्याला एक केस करा, पण नीट करा. अमेरिकेत ओक्लाहोमा विद्यापीठात एका प्राध्यापकाने १९७० च्या दशकाअखेरीस संघाधारित शिक्षण काढलं. एकाच मोठ्या हॉलमध्ये वीस-पंचवीस गट बसतात, सगळ्यांना एकच केस, सगळ्यांनी एकाच क्षणी उत्तराचं कार्ड वर करायचं, आणि मग "तुमच्या गटाने हे का निवडलं?" यावर हॉलभर वाद. शिक्षक एकच पुरतो. आपल्या कॉलेजांना हे परवडतं.

याने खरंच फरक पडतो का?

कुणी काही नवं आणलं की आपण विचारलं पाहिजे, पुरावा काय? पीबीएलबाबत पुरावा आहे, पण तो फुगवून सांगू नये. १९९३ मध्ये तोवरच्या अभ्यासांचे दोन मोठे आढावे निघाले. त्यांत दिसलं की लेखी परीक्षेच्या मार्कांत पीबीएलची मुलं पुढे नाहीत. मूलभूत विज्ञानाच्या पेपरात कधी थोडी मागेच. वॉर्डातल्या कामात मात्र बरी. २००८ मध्ये कॅनडाच्या वैद्यकीय नियतकालिकात आणखी एक आढावा आला. त्याने डॉक्टर झाल्यानंतरचं काम बघितलं. त्यात पीबीएलने शिकलेले डॉक्टर संवादात आणि अनिश्चिततेला तोंड देण्यात सरस दिसले. मिश्र शिक्षणाबाबत २०१६ चा एक आढावा सांगतो की ते निव्वळ वर्गातल्या शिक्षणाइतकं किंवा त्याहून परिणामकारक ठरतं.

टीकाही आहे. काही मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये ठासून सांगितलं की नवशिक्याला मार्गदर्शनाशिवाय सोडलं तर तो गोंधळतो. ते खरं आहे. ज्याला हृदयाचे कप्पे किती ते माहीत नाही त्याच्यापुढे झटक्याचा पेशंट टाकून "शोध" म्हणण्यात अर्थ नाही. म्हणून पाया सांगावाच लागतो आणि गटात शिक्षक हवाच. गाडी खड्ड्यात चालली की प्रश्न विचारून ती रस्त्यावर आणणं हे त्याचं काम. गप्प बसणं सोपं वाटतं, पण कधी गप्प बसायचं हे कळायला अनुभव लागतो.

महाडचा विंचू

शेवटचं उदाहरण आपल्या राज्यातलं, आणि सगळ्यांच्या ओळखीचं. डॉ. हिम्मतराव बावस्कर १९७६ मध्ये रायगड जिल्ह्यातल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. कोकणात लाल विंचू चावून माणसं मरत होती, त्यात लहान मुलं पुष्कळ. गंभीर विंचूदंशात शंभरातले चाळीसच्या घरात दगावत. पाठ्यपुस्तकांत याचं उत्तर नव्हतं. त्यांनी काय केलं? पेशंटजवळ बसून राहिले. नाडी, रक्तदाब, घाम, श्वास तासातासाला लिहून ठेवलं. त्यातून लक्षात आलं की माणूस मरतो तो हृदयावरच्या ताणाने आणि फुफ्फुसात पाणी भरून. मग प्रश्न ठरला: हा ताण कोणतं औषध कमी करील? आधी अतिदक्षतेत द्यावं लागणारं औषध वापरून बघितलं, मग प्राझोसिन, रक्तदाबाची एक स्वस्त गोळी, जी कुठल्याही आरोग्य केंद्रात देता येते. त्यांचं संशोधन १९८२ मध्ये लॅन्सेटमध्ये आलं. मृत्यूचं प्रमाण पुढे शंभरात एकाच्या आसपास आलं.

आता ते काय करत होते ते बघा. नेमका प्रश्न ठरवला. शक्यता मांडल्या. न जुळणाऱ्या बाजूला काढल्या. काय माहीत नाही ते ओळखलं. शोधलं. पुन्हा पेशंटकडे आले. त्याच सात पायऱ्या, फक्त एकट्याने, आणि पेशंट जीव सोडत असताना.

असा माणूस पिढीत एखादा होतो, आणि त्याला हा रस्ता कुणी शिकवलेला नसतो. पण म्हणून बाकीच्या हजारो डॉक्टरांनी तो रस्ता कधीच चालू नये का? समस्याधारित शिक्षणाचा सगळा अट्टाहास एवढाच आहे की ही विचार करण्याची सवय प्रत्येक साध्या विद्यार्थ्याला लागावी, आणि ती कागदावरच्या पेशंटवर लागावी, जिथे चुकलं तर कुणी मरत नाही. विद्यार्थ्याला चुकायची जागा कॉलेजात मिळाली नाही, तर ती तो सटाण्याच्या रुग्णालयात घेतो.

म्हणून कॉलेजच्या वेळापत्रकात काय आहे हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे.

प्रश्नोत्तरे

*माझी मुलगी यंदा नीट देतेय. असं शिकवणारं कॉलेज ओळखायचं कसं?*

ताई, इमारत बघू नका. एका सोमवारी सकाळी दहाला त्या कॉलेजच्या ओपीडीत जा आणि गर्दी बघा. पेशंट नसतील तर कुठलीही पद्धत कामाची नाही. मग तिथल्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या मुलांना कँटीनमध्ये विचारा: लहान गटात शेवटची चर्चा कधी झाली? शिक्षकाने तुम्हाला स्वतः पेशंट तपासायला कधी लावला? दत्तक कुटुंबात किती वेळा गेलात? मुलं खरं सांगतात. आणि मुलीला एक सांगा, नीटचे १८० प्रश्न हे दार आहे. आत गेल्यावर अभ्यासाची तीच पद्धत चालू ठेवू नको.

*आम्ही इथे वीस वर्षं प्रॅक्टिस करतो. आम्हाला याचा काय उपयोग?*

डॉक्टरसाहेब, खरं तर सगळ्यात जास्त तुम्हालाच. नोंदणीच्या नूतनीकरणासाठी क्रेडिट पॉइंट घ्यावे लागतात. त्यासाठी आपण हॉटेलात जाऊन औषध कंपनीच्या स्लाइड बघतो. त्याऐवजी बागलाणातले दहा डॉक्टर, सरकारी आणि खासगी, महिन्यातून एकदा बसले आणि प्रत्येकाने आपली एक अडलेली केस नाव न सांगता मांडली, तर ते पीबीएलच आहे. सिकल सेलची, सर्पदंशाची, फवारणीच्या विषबाधेची अशी इथल्या पेशंटची उदाहरणं कुठल्याही पुस्तकात तुमच्याइतकी नाहीत. तीच लिहून कॉलेजांना दिलीत तर तिथल्या गटांपुढे आपलं बागलाण जाईल. आज तिथल्या केसमध्ये पेशंट बऱ्याचदा परदेशातला असतो.

*डॉक्टर शिकतील तेव्हा शिकतील. आज साप चावला तर आम्ही काय करायचं?*

बरोबर विचारलंत, काका. घट्ट दोरी बांधू नका, कापू नका, तोंडाने ओढू नका, मांत्रिकाकडे वेळ घालवू नका. हातपाय हलू न देता, मोडलेल्या हाडाला आधार देतो तसा आधार द्या, पेशंटला चालवू नका, १०८ ला फोन करा किंवा मिळेल त्या गाडीने प्रतिविष असलेल्या रुग्णालयात जा. साप मारायला मागे लागू नका, त्यात दुसरा चावून घेतो. आणि पावसाळ्यात मळ्यात झोपायचं तर जमिनीवर नको, खाटेवर झोपा आणि मच्छरदाणी गादीखाली खोचून घ्या. मण्यारीपासून एवढ्याने बराच बचाव होतो. पहाटे कुणाला उगाच पोटात दुखायला लागलं आणि पापण्या जड झाल्या, तर ओवा देत बसू नका. डॉक्टरला सांगा, "हा रात्री जमिनीवर झोपला होता." तेवढं एक वाक्य ऐकून त्याला पुढचं सुचायला हवं. न सुचलं तर तुम्हीच विचारा, "मण्यार असेल का?"